सहाशे यार्डांची दुर्बीण

सोडतीत नाव टाकताना कोल्ड स्प्रिंगमध्ये घरातल्या कुणालाही वगळत नाहीत. टेकड्यांपलीकडच्या पठारावर नर अँटेलोप हरणं मारायचे परवाने निघतात मोजके आणि अर्ज करतं अर्धं वायोमिंग. म्हणून माणूस स्वतःचं नाव टाकतो, बायकोचं टाकतो, आईचं टाकतो. एका गृहस्थाने सासूचं टाकलं होतं, आणि निघाली नेमकी सासू. त्याने तो सगळा हंगाम सासूची चाकाची खुर्ची पठारावरून ढकलण्यात घालवला. कुठल्या दगडावर आपल्याला कसं आपटलं, हे ती बाई अजूनही दर ख्रिसमसला जेवताना सांगते.

क्लेटन तर लग्नाआधीपासून अर्ज करत होता. गाडी ठेवायच्या शेडमध्ये एका भिंतीवर त्याने शिंगांसाठी जागा मोकळी ठेवली होती. तिथे बायकोने, म्हणजे ब्रिटाने, झाडू टांगला की तो काढून ठेवायचा. यंदा 'तुझंही टाकतो गं, तेवढीच एक चिठ्ठी जास्त,' म्हणून त्याने बायकोचं नाव टाकलं आणि निकालात ब्रिटा निघाली. क्लेटनने निकाल दोनदा वाचला आणि म्हणाला, "अरे वा, छान झालं." आपली बढती शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली की माणूस ज्या आवाजात त्याचं अभिनंदन करतो, त्याच आवाजात.

ब्रिटाने लगेच शिकारीच्या परवाना खात्याला फोन लावला. परवाना नवऱ्याच्या नावावर करून मिळेल का?

"बाई," पलीकडची बाई म्हणाली, "सकाळपासून हे विचारणाऱ्या तुम्ही कितव्या, ते मी मोजायचं सोडून दिलंय. परवाना बदलत नाही. नवरा बदलता येतो, पण ते आमच्या खात्यात होत नाही."

आता ब्रिटाला बंदुकीचं भय होतं असं नाही. लहानपणी वडिलांबरोबर ती शिकारीला गेली होती, हातही बरा होता. भय वेगळंच होतं. तिने कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं, आणि त्या विषयाने तिचं एक कायमचं नुकसान केलं होतं: जगात काय काय बिघडू शकतं आणि ते बिघडण्याची शक्यता किती, हे तिला दिसायचं. लेक टिली झाल्यापासून तर ते झोपेतही दिसायचं. द्राक्ष दिसलं की ब्रिटाला आधी घसा दिसे. तेव्हा हरणाचा विचार आला की तिला पाठोपाठ अर्धवट लागलेलं हरीण दिसायचं, पाय ओढत झुडपांत गेलेलं, न सापडलेलं. नेम चुकला तर चालेल, हरीण पळून जाईल. लागला तर नीट लागला पाहिजे. मधलं काही नको.

त्यात ऑरिन आले. ऑरिन म्हणजे सासरे. चर्चमधले वडीलधारे, आयुष्यात कधी खोटं न बोललेले, आणि खरंही फारसं न बोललेले. कांबळ्यात गुंडाळलेली रायफल त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

"लॉइसची आहे," ते म्हणाले. "नुसती पडून होती."

लॉइस म्हणजे ब्रिटाची सासू. तिला जाऊन दोन हिवाळे झाले होते. बाईने जन्मात एकही जनावर जखमी सोडलं नव्हतं, असं गावात सगळे म्हणत. तिच्या माघारीही म्हणत, म्हणजे खरंच असावं. रायफलवरची जुनी दुर्बीण मात्र आतून धुरकटली होती, आंघोळीनंतर आरसा होतो तशी.

"हिच्यातून काही दिसत नाही, बाबा," ब्रिटा म्हणाली.

"नवी लाव. तुझ्या पसंतीची." एवढं बोलून ऑरिनने कॉफी संपवली आणि कप विसळून ठेवला. ते 'तुझ्या पसंतीची' ब्रिटाच्या डोक्यावर येऊन बसलं. सासूची बंदूक, नवऱ्याचं हरीण आणि पसंती हिची.

टिलीसाठी गाडीतली खुर्ची निवडायची होती तेव्हा ब्रिटाने इतकं वाचलं होतं की शेवटी दुकानदारच तिला फोन करून शंका विचारू लागला. तीच पद्धत तिने दुर्बिणीला लावली. टिली दुपारची झोपली की ही वाचायला बसायची. वाचता वाचता लक्षात आलं, की दुर्बिणीच्या जगात दोन पंथ आहेत. लांबच्या नेमाला दुर्बिणीतली फुली किती वर उचलायची तो कोन एक पंथ मिलमध्ये मोजतो, दुसरा मिनिटांत. ह्या मिनिटांचा घड्याळाशी संबंध नाही, मिलचा कापसाशी नाही, आणि दोन्ही पंथांचा एकमेकांशी बोलण्याचा संबंध उरलेला नाही. गावातले दोन सख्खे भाऊ ह्यापायी थँक्सगिव्हिंगचं टर्की वेगवेगळ्या घरात कापतात. ब्रिटाने दोन्ही पंथांचे ग्रंथ वाचले, आणि ज्याने दोन्ही वाचले त्याची जी गत होते तीच तिची झाली.

त्यातून सल्ला मागावा लागत नव्हता. तो चालत घरी येत होता. शेजारचा हार्लन, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, कुंपणापाशी उभाच असायचा. त्याने स्वतः कित्येक वर्षांत काही मारलं नव्हतं, पण लांब पल्ल्याच्या नेमबाजीवर त्याचा जीव होता.

"ब्रिटा, पोरी, एक लक्षात ठेव. रायफलपेक्षा दुर्बीण महाग हवी."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? दिसलंच नाही तर मारशील काय? पंचवीस पट मोठं दाखवणारी घे. हजार यार्डांवरच्या हरणाची पापणी दिसली पाहिजे."

"मला पापणी नाही मारायची, हार्लन."

"पापणी दिसली की बाकीचं आलंच की त्यात."

टपाल सांभाळणारी व्हर्ना म्हणाली, चार पट पुरे, तिच्या आईने चार पटीत सगळं कुटुंब पोसलं. तिच्या मागे रांगेत उभ्या बाईने सांगितलं, चार पट घेऊन तिच्या दिराने खेचर मारलं होतं. क्लेटनला विचारलं तर तो म्हणे, "तू घेशील ती चांगलीच असेल." हा सल्ला नव्हता. हे घायाळ माणसाचं सौजन्य होतं आणि त्याने ब्रिटाला खेचरापेक्षा जास्त घाबरवलं.

शेवटी घाबरलेली आई जे करते तेच ब्रिटाने केलं: सगळ्यात मोठं जे होतं ते मागवलं.

पार्सल आलं तेव्हा ब्रिटा घरी नव्हती, टिलीला लस टोचायला गेली होती. सहीशिवाय द्यायचं नाही असा नियम, म्हणून ते परत टपालात गेलं; आणि एखादी गोष्ट व्हर्नाच्या काउंटरवर एक दिवस राहिली की ती गावाच्या मालकीची होते. संध्याकाळी ब्रिटा पोचली तेव्हा चार माणसं नुसती खोका बघायला थांबली होती.

"मला वाटलं तू दुसऱ्यांदा पाळणा मागवलास," व्हर्ना म्हणाली. "म्हटलं, एवढ्यात?"

दुर्बीण सुंदर होती. काळी, लांब, पुढची काच बशीएवढी, अंगावर चार गोल चाकं, त्यावर मुंग्यांएवढे आकडे. लॉइसच्या सडपातळ रायफलशेजारी ठेवली तर कुणी कुणाला धरायचं हाच प्रश्न पडावा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण हे नाकात हंडी घातल्यासारखं होतं. आणि ती रायफलवर बसवायला ज्या दोन कड्या लागतात त्या खोक्यात नव्हत्या. त्या वेगळ्या विकत घ्यायच्या. म्हणजे दार विकायचं आणि बिजागरी विचारली की म्हणायचं, हो का, तुम्हाला उघडायचं पण होतं का?

लेस्टरच्या दुकानात खिळे, गवताचे दोर, गमबूट आणि काडतुसं शेजारी शेजारी मिळतात. लेस्टरने कड्या दिल्या. बसवून बघतात तर पुढची काच नळीवर टेकली. लेस्टरने उंच कड्या दिल्या. आता काच सुटली, पण दुर्बीण इतकी वर गेली की दस्त्याला गाल टेकवला तर डोळ्यासमोर फक्त कड्यांचे स्क्रू येत, आणि दुर्बिणीतून बघायचं तर मान कुंपणावरून डोकावणाऱ्या कोंबडीसारखी ताणावी लागे.

"दस्त्यावर गालाखाली काहीतरी उशी बांध," लेस्टर म्हणाला. "मागवून देऊ?"

आणखी काही मागवण्याची ब्रिटाची छाती नव्हती. घरात मऊ, घडीचं, पांढरं स्वच्छ असं एकच होतं. टिलीच्या कापडी लंगोटांतले तीन घेऊन तिने घट्ट घडी घातली आणि दस्त्यावर पट्टीने बांधले. क्लेटन कामावरून आला, टेबलावर लॉइसची रायफल लंगोट नेसून पडलेली बघितली, आणि हात धुवायला गेला. आतून नळाचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला.

दुर्बीण पुढे-मागे किती ठेवायची, हे डोळ्याच्या अंतरावरून ठरतं. ब्रिटाने हे कामही शास्त्रशुद्ध केलं. ज्यावाचून रायफल उडत नाही तो तिचा बोल्ट ब्रिटाने काढून फ्रीजच्या वर ठेवला, काडतुसं शेडमध्ये कुलपात टाकली, चेंबरमध्ये तीनदा बोट घालून बघितलं, मग स्वतःच्या समाधानासाठी क्लेटनला बघायला लावलं, मग हार्लनला. तोवर टिली उठून रडायला लागली. दात येत होते, खाली ठेवली की आकाश पाताळ एक. मग ब्रिटाने तिला नेहमीसारखं छातीवर झोळीत बांधलं आणि बाळाच्या डोक्यावरून, जमेल तशी, रायफल खांद्याला लावली.

"दिसतंय?" हातात पाना घेऊन हार्लनने विचारलं.

"कडेने काळं दिसतंय. अजून मागे सरकव."

"आता?"

"अजून थोडी."

"आता?"

"आता पूर्ण गोल दिसतंय."

हार्लनने स्क्रू आवळले. तिघं मोठी माणसं तिथे होती, त्यातली एक पदवीधर. झोळीतल्या मुलीमुळे ब्रिटाची मान नेहमीपेक्षा वीतभर मागे आहे, हे तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. चौथीच्या आलं असेल, पण तिला बोलता येत नव्हतं.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात गावाच्या मैदानावर सगळे रायफलींचा नेम जुळवायला जमतात. चर्चच्या बायका ॲपल पाय विकतात, आणि रिकामी झालेली कागदी ताटली खुंटाला अडकवून निशाणाला लावतात. रीत अशी: ज्या अंतरावरून तुमच्या सगळ्या गोळ्या त्या ताटलीत पडतात, तेवढा तुमचा पल्ला. त्यापुढे जनावरावर नेम धरायचा नाही. कुणी बघायला येत नाही, पण पाळतात.

ब्रिटा चटईवर पालथी झोपली. टिली ऑरिनच्या मांडीवर, कानांवर आवाज अडवणाऱ्या गुलाबी टोप्या लावून. गावातली सगळ्यात मोठी दुर्बीण बघायला मागे बरीच गर्दी झाली होती. ब्रिटाने गाल लंगोटांवर टेकला, श्वास सोडला, आणि चाप ओढला.

हलकी रायफल मागे उसळते. एरवी उसळून काही बिघडत नाही, कारण दुर्बीण डोळ्यापासून लांब असते. पण आज छातीवर टिली नव्हती. दुर्बिणीची धारदार गोल कड येऊन थेट भुवईवर बसली.

आधी ब्रिटाला कळलंच नाही. मग नाकाच्या कडेने काहीतरी ऊन वाहू लागलं. ती उठून बसली. भुवईवर लाल अर्धचंद्र उमटला होता, कंपासने काढल्यासारखा रेखीव. एवढं वाचन, दोन्ही पंथ, उंच कड्या, शास्त्रशुद्ध मोजमाप, आणि शेवटी अख्ख्या गावासमोर तोंडावर शिक्का. जमीन दुभंगावी असं तिला वाटलं, पण वायोमिंगची जमीन कडक असते.

मग लेस्टरने टोपी काढली. त्याच्या उजव्या भुवईवर पुसट पांढरा अर्धचंद्र होता. त्याच्या शेजारच्याने काढली. त्याच्याही होता. व्हर्नाने कपाळावरचे केस बाजूला केले. तिचे तर दोन होते, एकावर एक.

"दुसरा कसा?" ब्रिटाने विचारलं.

"पहिल्यातून शिकले नाही म्हणून," व्हर्ना म्हणाली. "बस इथे. ॲपल पाय खा."

ब्रिटाच्या पिशवीत पट्ट्या होत्या, पण त्या टिलीच्या. तेव्हा भुवईवर पिवळी बदकं लावून तिने दुर्बीण सुटी केली, पुढे सरकवली, पुन्हा आवळली आणि दुपार होईपर्यंत ताटल्या फोडत राहिली. शंभर यार्डांवर ताटलीत, दोनशेवर ताटलीत, तीनशेवरही सगळ्या. चारशेवर एक बाहेर गेली.

"वारा होता," हार्लन म्हणाला. "धरू नकोस ती. तुझी दुर्बीण हजारची आहे."

"दुर्बीण हजारची आहे, मी तीनशेची आहे," ब्रिटा म्हणाली. जाताना तिने टिलीची पिशवी चाचपली, तर लग्नातली नखं रंगवायची गुलाबी बाटली हाताला लागली. चार चाकांपैकी चित्र लहान-मोठं करणारं कुठलं, हे ती सारखं विसरायची. त्या चाकावर तिने एक गुलाबी ठिपका दिला. ठिपका वर म्हणजे सगळ्यात लहान चित्र. एवढी तांत्रिक भर तिने स्वतः घातली.

शिकारीच्या दिवशी चौघं निघाले. टिलीला सोडून ब्रिटा जाणार नव्हती, आणि टिली आई नसली तर फक्त क्लेटनकडे राहायची, आजोबांकडे एका मर्यादेपर्यंतच. त्यामुळे झालं असं, की ज्या पठाराची क्लेटनने इतकी वर्षं वाट बघितली, तिथे पोचल्यावर तो खालच्या रस्त्यावर पिकअपमध्ये मुलीला घेऊन बसला, आणि त्याची बायको आणि बाप पुढच्या उंचवट्यावर झुडपांत पालथे पडले.

"काही लागलं तर हाक मार," ब्रिटाने जाताना सांगितलं. "डाव्या खिशात पाणी आहे, ताप मोजायचं मागच्या खणात, आणि तिला ऊन लागतंय असं वाटलं तर—"

"ब्रिटा. जा."

वारा होताच. तिथे वारा नसला तर लोक घराबाहेर येऊन बघतात काय झालं ते. ऑरिनने गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ हलले नाहीत. मग नुसतं बोट दाखवलं.

नर एकटाच होता. तपकिरी पाठ, पांढरं पोट, काळी वाकडी शिंगं. ब्रिटाने पंचवीस पटीत बघितलं आणि हार्लन खरं बोलला होता: पापणी दिसली. पापणीवरचा केस वाऱ्याने हलत होता तोही दिसला. लवत्या गवतात ती फुली त्याच्या खांद्यामागे इतकी स्वच्छ बसली होती, की बोटाला आपोआप चाप सापडला.

"किती?" तिने विचारलं.

ऑरिनने अंतर मोजायच्या यंत्रात बघितलं. "सहाशे."

मधे एक दरी होती. जवळ जायला आडोसा नव्हता. ह्याहून जवळ दुसरा नर त्या दिवशी दिसेलच असं नाही, आणि उद्यापासून बर्फ सांगितलं होतं. पिकअपमध्ये नवरा होता. त्याच्या हातातल्या दुर्बिणीतून त्यालाही हे सगळं दिसत असणार. दुर्बीण विकणाऱ्यांनी सहाशेचं चाक कुठे फिरवायचं ते छापून दिलं होतं आणि ब्रिटाला ते पाठ होतं. गणित बरोबर होतं. पण चारशेवरची ती ताटलीबाहेरची गोळीही बरोबर होती.

तिने चापावरचं बोट काढलं. "नाही, बाबा. मला जमणार नाही इथून."

आपण सगळ्यांचा हंगाम घालवला, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आल्यामुळे भुवईवरची बदकं चुरचुरली.

मग ऑरिन म्हणाले, "लॉइस म्हणायची, दिसलं म्हणजे पोचलं असं नाही." थोडं थांबून: "तिने ही रायफल कांबळ्यात घालून ठेवली तेव्हा मला सांगितलं होतं, जिला ती खाली ठेवता येईल तिलाच दे."

आता खालच्या रस्त्यावर काय चाललं होतं ते सांगायला हवं. टिलीने लंगोट भिजवला होता. क्लेटनने बदलला. तिने तोही भिजवला. ब्रिटाच्या पिशवीत भूकंप आला तरी पुरेल एवढं सामान होतं, पण कोरे लंगोट संपले, कारण तीन नेहमीचे लंगोट लॉइसच्या रायफलवर होते. क्लेटनने मुलीला जॅकेटमध्ये गुंडाळलं, डाव्या खिशातल्या पाण्याने एक लंगोट खळबळून पिळला आणि वाळायला पिकअपच्या उंच अँटेनाला बांधला. वाऱ्याने तो फडाफडा फडकू लागला, तहाचं निशाण फडकावं तसा.

इकडे ऑरिनने ब्रिटाचं कोपर हळूच दाबलं. "हलू नकोस."

नराने मान वर केली होती. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांच्या डोक्यांवरून, मागे कुठेतरी बघत होता. चार पावलं पुढे आला. थांबला. पुन्हा आला. ऑरिनने अगदी सावकाश मान वळवून मागे बघितलं आणि त्यांचा खांदा हलायला लागला. चर्चमधले हे वडीलधारे गृहस्थ तोंडात हातमोजा कोंबून हसत होते.

"काय झालं?" ब्रिटा कुजबुजली.

"अँटेलोप लई चौकस जात. पांढरं काही फडकलं की बघायला येतो. लॉइस हातरुमाल हलवायची." त्यांनी डोळे पुसले. "तुझ्या लेकीने लंगोट लावलाय."

नर दरीत उतरला, दिसेनासा झाला, आणि पुन्हा दिसला तो एवढा जवळ, की त्याचं फुरफुरणं ऐकू आलं. व्हर्नाच्या टपालातल्या माणसांसारखा, खोका बघायला आलेला. साठ यार्डही नसतील. ब्रिटाने दुर्बिणीला डोळा लावला.

"बाबा," ती ओठ न हलवता म्हणाली, "मला नुसते केस दिसताहेत."

"काय?"

"केस. तपकिरी. सगळीकडे. कुठला भाग आहे ते कळत नाही."

पंचवीस पट. जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण, आणि समोर उभं असलेलं जनावर तिच्यात मावत नव्हतं. ब्रिटाची बोटं चाकांवरून फिरली. हे वर-खालीचं, नाही. हे कडेचं, नाही. मग तिला गुलाबी ठिपका दिसला. तिने तो सावकाश वर आणला आणि केसांतून आधी खांदा झाला, मग मान, मग शिंगं, मग लंगोटाकडे टक लावून बघणारा एक अख्खा नर. टिली पहिल्यांदा पंख्याकडे बघत राहिली होती अगदी तसा. क्षणभर ब्रिटाला तो फार आवडला. मग तिने श्वास सोडला.

तो जागच्या जागी खाली बसला, आणि उठला नाही.

ऑरिनने टोपी काढून छातीशी धरली. ब्रिटा जाऊन गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला, ऊब होती. वाऱ्याने त्याच्या पापणीवरचे केस हलत होते. तेवढ्यात क्लेटन जॅकेटमधली मुलगी घेऊन धापा टाकत चढून आला. त्याने नराकडे बघितलं, शिंगांकडे बघितलं, बायकोच्या भुवईकडे बघितलं.

"मी बघत होतो," तो म्हणाला. "तू सहाशेवर बोट काढलंस ते बघितलं मी."

"रागावलास?"

"वेडी आहेस का गं? मी असतो तर मारली असती. आणि चुकली असती." मग त्याने टिलीला जरा वर उचललं. "तो एवढा जवळ आला कसा पण?"

"तुझ्यामुळे," ब्रिटा म्हणाली. ते कसं, हे कळल्यावर क्लेटन एका दगडावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. निकाल लागल्यापासून तो असा हसला नव्हता. शिंगं शेडमध्ये त्या मोकळ्या जागी लागतील, हे तिथेच ठरलं. आणि झाडूला नवा खिळा मारायचंही.

दुसऱ्या दिवशी, चर्चनंतर, कॅफेत सगळं गाव होतं. त्या गावात शिकाऱ्याला लोक शिंगं किती, वजन किती हे नंतर विचारतात. आधी एकच विचारतात.

"किती लांबून?" हार्लनने दारातूनच विचारलं. सगळ्या माना ब्रिटाकडे वळल्या.

ब्रिटाने तोंड उघडलं. साठ यार्ड आणि एवढी मोठी दुर्बीण. आयुष्यभर पुरेल एवढी थट्टा तिला समोर मांडलेली दिसत होती. पण तिच्याआधी ऑरिनने कप खाली ठेवला.

"तिने पहिल्यांदा नेम धरला," ऑरिन म्हणाले, "तेव्हा सहाशेवर होता."

आणि त्यांनी पायचा मोठा घास घेतला, त्यामुळे पुढे बोलायची सोय उरली नाही. क्लेटनला कॉफीचा ठसका लागला. व्हर्नाने ब्रिटाकडे, मग ऑरिनकडे, मग पुन्हा ब्रिटाकडे बघितलं, आणि तिला टपालात इतकी वर्षं काढल्यामुळे काय न उघडता ठेवायचं ते कळत होतं.

"सहाशे," हार्लन पुटपुटला. त्याने टोपी काढली. "एका गोळीत?"

"एकाच," ब्रिटा म्हणाली. हेही खरंच होतं.

त्यानंतर आठवडाभर कुंपणापाशी माणसं थांबू लागली. मिल घ्यावं का मिनिटं? कड्या उंच का बसक्या? ब्रिटा टिलीला कडेवर घेऊन सगळ्यांचं ऐकून घ्यायची. शेवटी एका संध्याकाळी हार्लन आला, हातात कातरणं, चेहऱ्यावर विद्यार्थ्याची नम्रता.

"मीही पंचवीस पटीची घ्यायचं म्हणतोय. तुझं मत काय?"

ब्रिटाने भुवईवरचा अर्धचंद्र खाजवला. बदकांची पट्टी कालच निघाली होती.

"दुर्बीण कुठलीही घे, हार्लन," ती म्हणाली. "पण बरोबर एक पांढरं स्वच्छ फडकं ठेवत जा. माझं तर त्यावाचून जमलंच नसतं."

"काच पुसायला," हार्लनने जाणत्यासारखी मान हलवली.

ऑरिनसारखा तोंडात कोंबायला ब्रिटाकडे पायचा घास नव्हता, तेव्हा तिने टिलीच्या गालाचा पापा घेतला आणि तिथेच तोंड ठेवलं.